लेड झेपेलिन, १० डिसेंबर २००७ : एकच रात्र पुरे होती का?

कॉटनग्रीन_स्लो

आधीच सांगून टाकते, मी २००५ ची. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला आणि उरलेल्या तिघांनी त्याच डिसेंबरात बँड संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे माझ्या जन्माच्या पाव शतक आधी सगळा कारभार आटोपला होता. लंडनच्या ओटू अरीनात ते पुन्हा एकत्र वाजले तेव्हा मी बडबडगीतांच्या वयात होते. त्यामुळे 'आमच्या वेळी' म्हणायची सोय मला नाही. तरी आजवर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली मैफल हीच. आणि दर वेळी कुणीतरी ज्येष्ठ टपकतं : "अगं, ते म्हातारपणीचं काय ऐकत बसलीस, ७३ चं ऐक!"

ऐकलंय हो. ७३ चं ऐकलंय, जानेवारी ७० चं अल्बर्ट हॉलचंही ऐकलंय. तरी मला २००७ च जास्त आवडतं. का, ते सांगायला हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमेट अर्टेगन २००६ मध्ये न्यूयॉर्कला रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात स्टेजमागे पडले आणि डिसेंबरात गेले. झेपेलिनला १९६८ मध्ये त्यांच्याच कंपनीने घेतलं होतं. त्यांच्या स्मरणार्थ ही मैफल. आधी २६ नोव्हेंबर ठरली होती, पण जिमी पेजचं बोट मोडलं म्हणून १० डिसेंबर. जागा वीस हजारांच्या आत, अर्ज आले दोन कोटी! गिनीज बुकात नोंदही झाली. गायक रॉबर्ट प्लांट ५९ वर्षांचा, बास आणि कीबोर्डवाला जॉन पॉल जोन्स ६१, पेज ६३, पांढरेशुभ्र केस. ड्रमवर जॉन बॉनमचा मुलगा जेसन.

याआधीही एकत्र आले होते. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात फिल कॉलिन्स लंडनचा कार्यक्रम उरकून कॉंकॉर्ड विमानाने फिलाडेल्फियाला पोचला आणि जेमतेम तयारीवर ड्रमला बसला. प्लांटचा घसा बसलेला. इतकं पडेल झालं की पुढे त्या कार्यक्रमाच्या डीव्हीडीत आपलं चित्रण घालायला बँडने नकार दिला. १९८८ ला न्यूयॉर्कमध्येही फारसं जमलं नाही. म्हणजे २००७ ला स्टेजवर चढताना डोक्यावर केवढं ओझं असेल बघा. नाव गमवायचं होतं, कमवायचं काहीच उरलं नव्हतं.

आता माझा मुद्दा. एवढं अवाढव्य स्टेज, आणि हे चौघं कुठे उभे आहेत बघा. ड्रमच्या भोवती घोळका करून, हाताच्या अंतरावर. पेज प्रेक्षकांकडे कमी आणि जेसनच्या हातांकडे जास्त बघतो. जोन्स तर जवळजवळ ड्रमला टेकलेलाच. ७३ मध्ये एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटं ताणायचे. भन्नाट आहे ते, पण त्यात 'बघा मी काय करू शकतो' आहे. २००७ मध्ये 'तू काय करतोयस' आहे. चौघं एकमेकांना ऐकतायत हे *दिसतं*. सोळा गाणी, दोन तासांच्या वर, एक ओळ फुकट नाही.

आणि ज्येष्ठांसाठी खास : 'फॉर युवर लाइफ' हे १९७६ चं गाणं त्यांनी आधी कुठेच स्टेजवर वाजवलं नव्हतं. पहिल्यांदा वाजवलं ते २००७ ला. आता सांगा, ७३ चं ऐकू का?

प्रश्न असा, की यानंतर त्यांनी दौरा करायला हवा होता का? मला वाटतं, नाही. एकच रात्र हेच बरोबर. तुम्हाला काय वाटतं?

चाळीतला_वूफर

पहिला! तूर्तास रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात हेडफोन लावायला बंदी आहे.

धोबीतलाव_७२

छान लिहिलंयस गं पोरी. पण ७३ सोडणार नाही मी! त्या ताणण्यातच गंमत होती. 'बघा मी काय करू शकतो' असं पंचविशीत नाही म्हणायचं तर कधी म्हणायचं? अल्बर्ट हॉलच्या चित्रणात जॉन बॉनमचा एकट्याचा ड्रम बघ. काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवतो. त्याला 'एक ओळ फुकट नाही' हा हिशोब लावू नकोस. तारुण्य फुकटच असतं, आणि ते तसंच उधळायचं असतं.

आता थोडं अवांतर, पण मुंबईकरांना माहीत असावं म्हणून. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये आपल्या मुंबईत आले होते. इथल्या स्टुडिओत इथलेच वादक घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्याने रेकॉर्ड केली. तबला, सारंगी, व्हायोलिनं, सगळा आपला ताफा. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाचा डिस्कोथेक होता, तिथे दोघांनी वाजवलंही. मी तिथे नव्हतो, हे आधीच कबूल करतो. कारण आज मुंबईत सत्तरीचा जो भेटतो तो "मी होतो तिथे" म्हणतो, आणि तेवढी माणसं त्या खोलीत मावली असती तर इमारत खचली असती.

त्या वेळी इथे रॉक ऐकणारा म्हणजे वाया गेलेला. एक एलपी मिळाली की ती गिरगावातून माहीमपर्यंत फिरायची, परत येईतो तिच्यावर खिचडीचे डाग. तरी आपली पोरं गात होती. नंदू भेंडे, आत्माराम भेंड्यांचा मुलगा, त्याच काळातला. 'तीन पैशाचा तमाशा'त ज्यांनी त्याला ऐकलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. २०१४ ला गेला बिचारा. पुढे झेवियर्सच्या शेजारी रंगभवनात पोरं रात्र रात्र वाजवायची. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज, शांतता क्षेत्र झालं आणि तेही बंद पडलं.

कॉटनग्रीन_स्लो

@धोबीतलाव_७२ काका, "तारुण्य फुकटच असतं" हे मी वहीत लिहून ठेवलंय. मुद्दा मान्य नाही, वाक्य मान्य.

मुंबईची ती रेकॉर्डिंगं मी खूप ऐकलीत. २०१५ मध्ये त्यांचा 'कोडा' हा अल्बम नव्याने आला त्यात अधिकृतपणे निघाली. त्रेचाळीस वर्षं कपाटात! 'फ्रेंड्स'मध्ये तबला सुरू होतो तेव्हा हार्बर लोकलच्या गर्दीत मला उगाच कुणालातरी कोपर मारून सांगावंसं वाटतं, की हे आपल्या इथलं आहे.

तिस्र_जाती

'काश्मीर'बद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून?

मी तबला शिकतो, त्यामुळे माझं ऐकणं जरा वाकडं आहे. गाण्याचं नाव 'काश्मीर', पण सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. प्लांटने तोवर काश्मीर पाहिलंही नव्हतं. ते असो. गंमत लयीत आहे. गिटारचा तुकडा तीन-तीनचा, ड्रम मात्र सरळ चारचा. दोघं एकत्र निघतात आणि लगेच फाटतात. गिटारची चार आवर्तनं होईतो ड्रमची तीन होतात, आणि बाराव्या मात्रेनंतर दोघं पुन्हा समेवर. एकतालाइतकं अंतर! ऐकणाऱ्याला हे कळत नाही, नुसतं काहीतरी चढत चढत चाललंय असं वाटतं. टाळी धरून बघा. ड्रमची धरली तर गिटार निसटते, गिटारची धरली तर पाय चुकतो.

आता हे २००७ ला कसं आहे? १९९४ मध्ये पेज-प्लांट दोघांनी हेच गाणं इजिप्शियन वादकांचा मोठा ताफा घेऊन केलं होतं. जोन्सला बोलावलंही नव्हतं तेव्हा. ओटूला मात्र स्टेजवर फक्त चौघं. मग बास कोण वाजवतंय? जोन्सचे पाय बघा. दोन्ही हात कीबोर्डवर आणि बासचे सूर पायपट्ट्यांवर, पेटीचा भाता पायाने मारणारे जुने कीर्तनातले पेटीवाले असायचे तसा निवांत बसलाय. चेहऱ्यावर काही नाही. सगळं गाणं तो माणूस पायावर तोलतोय.

जेसनबद्दल एक. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जॉन बॉनम स्वतः बत्तिसाव्या वर्षी गेला. म्हणजे त्या रात्री एक्केचाळीसचा मुलगा वडिलांना कधीच न लाभलेल्या वयात त्यांच्या जागी बसला होता. वडिलांचे बोल तो सहीसही काढतो. पहिल्याच गाण्यात उजव्या पायाचे ते तिहेरी ठोके आहेत, जॉनने १९६९ च्या रेकॉर्डवर एकाच पेडलवर काढलेले. पण भरणीच्या जागा स्वतःच्या. 'काश्मीर'च्या शेवटी तर तो अक्षरशः सुटतो, आणि प्लांट मागे वळून बघत राहतो. नुसती नक्कल असती तर तो वळला असता का?

गुळाचा_चहा

मराठी संस्थळावर हे काय चाललंय? तीन म्हातारे आणि एक टकलू मिळून ठणाणा करतात, त्यावर एवढे मोठे प्रतिसाद! आणि हे 'पुन्हा एकत्र' वगैरे सगळं पैशासाठी असतं. पेन्शन कमी पडली की एकत्र येतात.

कॉटनग्रीन_स्लो

@गुळाचा_चहा, पैशाचं म्हणाल तर उलट आहे. त्या रात्रीचा पैसा अर्टेगन यांच्या नावाच्या शिक्षणनिधीला गेला. आणि दौरा केला असता तर जन्माची ददात मिटली असती (नव्हतीच म्हणा), तो केला नाही. ठणाण्याबद्दल वाद घालत नाही. माझी आई पण तेच म्हणते, त्याच शब्दांत.

पेटीवाली_मावशी

रॉकमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून लेकाकडून लावून घेतलं. कॉटनग्रीन, तू एक सांगितलं नाहीस. पट्टी उतरवली आहे ना गं काही गाण्यांची? लेकाने जुनं आणि हे पाठोपाठ लावलं, तेव्हा कान टवकारले. पूर्ण एक सूर खाली. म्हणजे पांढरी सहाचं पांढरी पाचला आणल्यासारखं.

मी वर्षानुवर्षं साथीला बसते, म्हणून सांगते. पट्टी उतरवली की गाणाऱ्याला आराम पडतो, पण गाण्याचा पोत बदलतो. लेक म्हणाला, गिटारच्या तारा सैल सोडतात त्यासाठी. मग आवाज जड होणारच. मला तो जड आवाजच आवडला बाई. जुन्यातला गायक सुराच्या टोकावर उभा राहून हाका मारतो. इथे तोच माणूस ओळीच्या मध्यावर थांबतो, श्वास घेतो, शब्द ठेवतो. वरचा सूर घेताच येत नाही असं नाही. कुठे घ्यायचा ते ठरवून आलाय. एका ठिकाणी तर जुन्यात जिथे किंचाळी आहे तिथे हा नुसता खाली उतरला आणि जागा रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेत गिटारवाला शिरला! साथीदाराला अशी जागा देणारे गवय्ये फार थोडे बघितलेत मी.

त्याच २००७ च्या डिसेंबरात पुण्यात सवाईला भीमसेनजी बसले होते, पंच्याऐंशीचे. तिथे कुणी म्हणालं नाही की पन्नाशीतलं ऐका. लोक रडत होते.

धोबीतलाव_७२

मावशी, तुम्ही माझ्यावर भीमसेन टाकलात. आता काय बोलणार! तरी नोंद करतो, की रडणाऱ्या त्या लोकांच्या कानात पन्नाशीतले भीमसेन होतेच. त्या आठवणीवर ते रडत होते. ही पोरगी ती आठवण नसताना ऐकते आहे, आणि मला त्याचंच नवल वाटतंय. आम्हाला २००७ म्हणजे राखेतला विस्तव. तिला तो नुसता विस्तव दिसतो.

हॅरोकर

लंडनहून. तेव्हा इथे नोकरीला नवीन होतो. अर्ज मी भरला, बायकोने भरला, ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी भरला. सोडत होती. लागली तर १२५ पौंडांना एक, अशी फार तर दोन तिकिटं. आमच्यापैकी कुणालाच लागली नाहीत. काळाबाजार होऊ नये म्हणून ओळखपत्र दाखवून मनगटाला पट्टा बांधायची व्यवस्था होती. बीबीसीच्या धर्मादाय लिलावात एका जोडीचे ८३,००० पौंड आले होते. त्या रात्री मी घरी वरणभात खाल्ला.

पुढे १७ ऑक्टोबर २०१२ ला ते चित्रपटगृहात दाखवलं तेव्हा बघितलं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर १९७३ ची जुनी टीव्ही बातमी लागते, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात यांनी बीटल्सचा गर्दीचा विक्रम कसा मोडला ती. बातमी संपते आणि पहिला ठोका. थेटरातले लोक उभे राहून पडद्याला टाळ्या वाजवत होते. इंग्रज माणूस पडद्याला टाळ्या वाजवतो, हे मी एकदाच पाहिलं.

दौऱ्याबद्दल : पेज, जोन्स आणि जेसन तिघं तयार होते. प्लांट नाही म्हणाला. गायिका अ‍ॅलिसन क्राउसबरोबरचा त्याचा 'रेझिंग सँड' हा अल्बम ऑक्टोबर २००७ लाच आला होता आणि २००८ मध्ये तो तिच्यासोबत फिरत होता. त्या अल्बमला पुढे २००९ ला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर मिळालं. म्हणजे घरी रुसून बसला नव्हता, नवं काम हातात होतं. तिघांनी दुसरे गायक घेऊन तालमी करून पाहिल्या. जमलं नाही, सोडून दिलं. माझ्या मते ते सोडून देणं जास्त मोठं. भाड्याचा गायक घेऊन जगभर फिरणारे बँड काय कमी आहेत?

रेसकोर्स_रिटर्न

मी इथे जरा खडा टाकतो.

'एकच रात्र, किती सुंदर' हे सगळं ज्यांना तिकीट परवडतं त्यांचे चोचले आहेत. ओटूमध्ये मुंबईचे किती लोक असतील? गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड बघा, २०१६ ला एकत्र आले आणि अजून फिरतायत. लोक हसतात त्यांना. गायक अ‍ॅक्सलचा आवाज गेला म्हणतात, ते खरंही आहे. पण फिरतायत म्हणूनच मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर आले ना! २०१२ ला आले होते तेव्हा मूळ बँडपैकी एकटा अ‍ॅक्सल होता. या वेळी गिटारवाला स्लॅश आणि बासवाला डफ यांच्यासकट. मेच्या उकाड्यात तासन् तास उभा होतो, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पाण्याच्या स्टॉलपर्यंत पोचायला युद्ध. शेजारी कल्याणहून आलेला एक जण होता, बाबांना घेऊन. 'नोव्हेंबर रेन'ला ते बाबा मान खाली घालून उभे होते. स्लॅशचा तुकडा सुरू झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, घामाच्या नावाखाली.

हे एका रात्रीच्या हिशोबात कुठे बसतं? झेपेलिनने दौरा केला असता तर २००८-०९ ला मुंबईत आलेही असते कदाचित. ७२ मध्ये दोघं आलेच होते. कॉटनग्रीन, तुझे बाबा तुला खांद्यावर घेऊन गेले असते.

चाळीतला_वूफर

+१. तिकीट परवडण्याच्या मुद्द्याला तर +१००.

कॉटनग्रीन_स्लो

@रेसकोर्स_रिटर्न, हा प्रतिसाद वाचून मी दोन लोकल सोडल्या.

तुमचं ऐंशी टक्के पटलं. जाऊ शकणाऱ्यांचा आणि न शकणाऱ्यांचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, कारण मला रेकॉर्डिंग आयतं मिळालं. पण उरलेल्या वीस टक्क्यांसाठी भांडते. मला जे आवडतं ते नेमकं त्या रात्रीच्या भीतीतून आलंय. चौघांनाही ठाऊक होतं की हे फसलं तर दुरुस्त करायला उद्याचा कार्यक्रम नाही. म्हणून पेज जेसनच्या हातांकडे बघतोय. चाळिसाव्या रात्री तो कशाला बघेल? तोवर अंगवळणी पडलेलं असेल, दिवे ठरलेले, विनोद ठरलेले. पेज गिटारवर गज फिरवतो तिथेही, भोवती लेझरचा हिरवा पिरॅमिड असूनसुद्धा, मला दिवे दिसत नाहीत. त्याच्या कपाळावर चिकटलेले ओले पांढरे केस दिसतात.

रेसकोर्स_रिटर्न

चाळिसाव्या रात्री बघणार नाही हे तू कशावरून ठरवलंस? आमच्याकडे अखंड नामसप्ताहात सातव्या दिवशी पखवाजवाला जास्त रंगात येतो. सवयीने माणूस बिघडतोच असं नाही, कधी कधी मोकळाही होतो.

तिस्र_जाती

याला माझा पाठिंबा. दोन वादक एकमेकांत मुरायला वेळ लागतो. २००७ ला जेसन थोडा जपूनच वाजवतोय, निदान पहिली तीन-चार गाणी. दहा कार्यक्रमांनंतरचा जेसन ऐकायला मला आवडलं असतं. कॉटनग्रीनला भीती आवडते, मला मुरलेलं आवडतं. लोणचं वि. कोशिंबीर.

पेटीवाली_मावशी

मला दोन्ही आवडतं, पण मी म्हातारी आहे.

गुळाचा_चहा

प्रतिसाद वाचून काल रात्री ते 'काश्मीर' लावलं. टाळी धरायला गेलो, चौथ्या फेरीला हुकली. पुन्हा धरली, पुन्हा हुकली. बायको म्हणाली डास मारताय का. ठणाणाच आहे, पण हिशोबी ठणाणा आहे. एवढं बोलून मी माझे शब्द (अर्धे) मागे घेतो.

धोबीतलाव_७२

मंडळी, असं करू. माझ्याकडे जुने स्पीकर आहेत, अजून दम धरून आहेत. येत्या रविवारी दुपारी चारनंतर या गिरगावात. आधी ७० चं अल्बर्ट हॉल, मग २००७, पाठोपाठ. मध्ये कुणी बोलायचं नाही. भांडण नंतर. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. चारच्या आधी नको, शेजारच्या वहिनी झोपलेल्या असतात आणि त्यांचा दरवाजा माझ्यापेक्षा जोरात वाजतो.

कॉटनग्रीन_स्लो

येतेच! पण काका, क्रम उलटा हवा. आधी २००७, मग ७०. तुमच्या क्रमाने सगळेच २००७ ला 'थकलेले' म्हणतील.

धोबीतलाव_७२

घर माझं, क्रम माझा.

हॅरोकर

मला व्हिडिओ कॉलवर घ्या. आवाज फाटला तरी चालेल, भांडण ऐकायचंय.

तिस्र_जाती

मी तबला आणतो, बारा मात्रांचं प्रात्यक्षिक देतो. ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक बघून निघा.

गुळाचा_चहा

चहा असेल तर मीही येईन म्हणतो.

धोबीतलाव_७२

चहा आहे. गूळ तुमचा तुम्ही आणा.